पोच आल्याशिवाय उठायचं नाही

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले असतील. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे कासमचाचांची सून शबाना होती. "ताई, अब्बा गेले. पहाटे, झोपेतच. दुपारच्या नमाजानंतर नेणार आहेत." मी "येते" म्हटलं, फोन ठेवला, कागद पूर्ण बाहेर काढला, एक पान छापून प्रिंटर चालतोय याची खात्री केली आणि मग शटर ओढलं. वाचताना कुणाला हे कोरडं वाटेल. चाचांना वाटलं नसतं. काम अर्धं टाकून उठणाऱ्याची त्यांना चीड होती, आणि काम झालं की नाही हे न तपासता उठणाऱ्याची त्याहून जास्त.

राजिवड्यातल्या त्यांच्या घरी मी आतल्या खोलीत बायकांबरोबर बसले. समोरच्या भिंतीवर त्यांचं पितळी घड्याळ होतं. जहाजाच्या रेडिओ खोलीतलं. त्याच्या तबकडीवर सव्वा आणि पाऊण या खुणांपासून पुढे तीन-तीन मिनिटांच्या दोन लाल फाका रंगवलेल्या आहेत. काटा लाल फाकेत असेल तोवर समुद्रातल्या सगळ्या जहाजांनी बोलणं थांबवायचं आणि फक्त ऐकायचं, असा जुना नियम. कुणी संकटात असेल तर त्याचा बारीक आवाज गोंगाटात हरवू नये म्हणून. चाचा जन्मभर जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. ठिपके आणि रेघांची भाषा त्यांच्या बोटांत होती. पुढे ती भाषाच बंद झाली, तशी त्यांची खुर्चीही जहाजावरून गेली आणि ते घरी आले. दोन हजार सालात ते पहिल्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढले तेव्हा साठीच्या पुढे होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर तपासनीस आल्याचा भाव.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास आणि सायबर कॅफे होता. अजून आहे. तेव्हा गिऱ्हाइकांसाठी पाच मशीन होती, गल्ल्यावर माझं एक आणि टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत चालणारं इंटरनेट. चाचांचा मुलगा रियाझ दोह्याला. त्याला मेल पाठवायला ते रोज दहाला यायचे. पहिल्या दिवशी मेल पाठवून झाला तरी उठेनात. मी म्हटलं, "चाचा, गेला मेल. उठा आता, लोक थांबलेत."

"गेला हे तुला कोणी सांगितलं?"

"इथं लिहिलंय ना. सेंट."

"सेंट म्हणजे माझ्या हातातून सुटला. त्याला मिळाला काय?" आणि खुर्ची आणखी पुढे ओढून म्हणाले, "पोच आल्याशिवाय उठायचं नाय गो बाय. आमच्या धंद्यात पोच नसेल तर निरोप पाठवलाच नाय, असं धरतात."

रियाझचं उत्तर पाऊण तासाने आलं. मग ते उठले. हे रोज चाललं. रिकाम्या वेळात ते दुसऱ्यांच्या स्क्रीनमध्ये डोकावायचे, परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्या मुलींना "जन्मतारीख उलटी घातलीस" म्हणून सांगायचे, माझ्या पंख्याच्या आवाजाला नावं ठेवायचे. मला त्यांचा वैताग यायचा, हे लपवून काय करू. पण वर्षभरात माझ्या लक्षात आलं, की मशीन कुठे अडलं हे त्यांना माझ्याआधी कळतं. त्यांना प्रोग्रॅमिंगमधलं काही येत नव्हतं. त्यांना तपासणं येत होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं, ती दोन हजार पाचच्या एप्रिलातली. माझा भाऊ जवळच्या पावस गावी असतो. आंब्याची बाग आहे. दरवर्षी कच्चा आंबा पेट्या भरून वाशीच्या दलालाकडे जायचा. त्या वर्षी माझ्या वहिनीने, नलूने, हट्ट धरला की घराजवळच्या अकरा कलमांचा आंबा आपण थेट गिऱ्हाईकाला विकू, वेबसाइटवरून. दादा हसला. "वेबसाइट काय आंबा खाणार आहे?" म्हणाला. पण बायकोच्या मागे बहीण उभी, म्हटल्यावर त्याचा नाइलाज झाला. "एक सीझन," तो म्हणाला, "अकरा कलमं तुझी. जमलं तर कायमची तुझी. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही." नलू चोवीस वर्षं त्या घरात राबत होती आणि त्या घरातलं काहीच तिच्या नावाने ओळखलं जात नव्हतं. एक कलमसुद्धा नाही. त्यामुळे वेबसाइट मी केली, फुकट केली, आणि जीव ओतून केली.

ऑर्डरचा फॉर्म साधा होता. नाव, पत्ता, फोन, किती पेट्या, काही निरोप असेल तर निरोप, आणि खाली बटण. पाचही मशीनवर तपासला, व्यवस्थित चालला. मग नलूने येऊन पाहिला आणि नाक मुरडलं. "वन्सं, हे राखाडी बटण रेशन ऑफिसातल्यासारखं दिसतंय. आंबा घाला की तिथं." मलाही पटलं. त्यांच्याच बागेतल्या हापूसचा फोटो काढला, कापून घेतला, आणि राखाडी बटणाच्या जागी आंबा बसवला. आंब्यावर टिचकी मारा, ऑर्डर गेली. माझ्या गल्ल्यावरच्या मशीनवर करून पाहिलं. गेली. नलू टाळ्या वाजवायची बाकी होती.

शनिवारी वेबसाइट उघडली. त्याच दिवशी आंबा उतरवून नलूने आढी घातली, म्हणजे खोलीभर भाताचा पेंढा पसरून त्यात फळं पिकत ठेवली. आढीतला आंबा कुणासाठी थांबत नाही. आठ-दहा दिवसांत तो तयार होतो, आणि एकदा नरम पडला की वाशीचा दलाल त्याला हात लावत नाही. दादाचा टेम्पो गुरुवारी वाशीला जायचा होता. म्हणजे गुरुवारपर्यंत ऑर्डरी आल्या तर ठीक, नाही तर आढी मोडून सगळं टेम्पोत.

पानाच्या तळाशी मी भेटींचा आकडा मोजणारी पट्टी लावली होती. रविवारी तो आकडा शंभरावर गेला, सोमवारी अडीचशे झाला. ऑर्डर एकही नाही. नलूचा दर तासाने फोन. "वन्सं, आली?" नाही. "आता?" नाही. मागून दादाचा आवाज, "लोक फुकटात बघून जातात गं, तुला काय वाटलं?" सोमवारी संध्याकाळी तिने विचारणंच बंद केलं, आणि ते मला जास्त लागलं.

मंगळवारी सकाळी तिचा पुन्हा फोन आला, आवाज वेगळाच. नाशिकहून कुणी गृहस्थ तिला फोनवर झापत होते. "मी तीनदा फॉर्म भरला, तीनदा तुमचा आंबा दाबला, आणि तुम्ही साधं उत्तर देत नाही, हा काय उद्धटपणा..." मी गल्ल्यावरच्या मशीनवर पुन्हा ऑर्डर घालून पाहिली. व्यवस्थित गेली. "त्यांचंच काहीतरी चुकत असेल," मी नलूला सांगितलं. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा बोलले आहे आणि बहुतेक वेळा ते खोटं ठरलं आहे.

चाचा तीन नंबरच्या मशीनवर बसून सगळं ऐकत होते. रियाझच्या पोचेची वाट बघणं चालूच होतं. त्यांनी मुकाट्याने आमची वेबसाइट उघडली, स्वतःचं नाव-पत्ता घातला, आंबा दाबला. मग मला हाक मारली. "बाय, माझा फॉर्म कोरा झाला."

"म्हणजे ऑर्डर गेली असेल."

"माझा निरोप तुझ्याकडे आला काय?"

आला नव्हता. "चाचा, तुम्ही नीट दाबलं नसेल."

"चाळीस वर्षं कळ दाबून पोट भरलं, आणि तुझा आंबा दाबता येत नाय मला?"

मग त्यांनी मला माझ्याच दुकानात कामाला लावलं. गल्ल्यावरचं मशीन आणि तीन नंबर, दोन्ही शेजारी शेजारी मांडून घेतली. पिशवीतून लांबट वही काढली, रकाने आखले. वेळ, मशीन, काय घातलं, काय दाबलं, पोच. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन्हीकडे तेच नाव, तोच पत्ता, तेवढ्याच पेट्या. माझ्याकडून ऑर्डर पोचली, तीन नंबरवरून नाही. आंब्याऐवजी एंटर दाबून पाहिलं. माझ्याकडून पोचली, तीन नंबरवरून नाही. चार, पाच, दोन, एक, कुठूनच नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, अर्धाच. बाकी सगळ्या मशीनवर निळ्या ई अक्षराचा ब्राउझर होता, जगभर सगळ्यांकडे असायचा तोच. माझ्या एकटीच्या मशीनवर, क्लासमधल्या एका मुलीच्या आग्रहामुळे, शेपटीवाल्या कोल्ह्याचा नवा ब्राउझर होता. चाचांनी वहीत लगेच नावं पाडली, 'निळा' आणि 'कोल्हा'. राखाडी बटण मी पाचही मशीनवर तपासलं होतं. आंबा फक्त कोल्ह्यात.

"निळाच बिघडलेला आहे," मी म्हटलं. मग निळ्याबद्दल बरंच काही बोलले. नलूबद्दल बोलले, तिला आंबाच कशाला हवा होता. दादाबद्दलही बोलले. चाचांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं. "सव्वाअकरा. तीन मिनिटं गप्प."

मी गप्प बसले. राग आला होता, तरी बसले. त्या तीन मिनिटांत ते एकदा या स्क्रीनकडे, एकदा त्या स्क्रीनकडे बघत राहिले. आंबा दाबल्यावर वरच्या पत्त्याच्या पट्टीत एक लांबलचक ओळ उमटत होती. फॉर्म पाठवायचे दोन मार्ग असतात. एकात मजकूर आतून जातो, दुसऱ्यात तो उघडपणे पानाच्या पत्त्याला चिकटून जातो. मी दुसरा वापरला होता, तो तेव्हा मला सोपा वाटायचा म्हणून. जाणकार त्याला कच्चं काम म्हणतील. ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती. चाचा ती अक्षर अक्षर वाचत होते, दोन जहाजांकडून आलेला एकच निरोप ताडून बघावा तशी. मग पेन ठेवून म्हणाले, "हिच्यात शेवटी एक शब्द जास्त आहे."

होताच. साधं बटण दाबलं की दोन्ही ब्राउझर बटणाचं नाव सर्व्हरला, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या मशीनला, कळवायचे. चित्राचं बटण असलं की तऱ्हा वेगळी. चित्रावर नेमकी कुठे टिचकी मारली, त्याचे दोन आकडे दोघेही पाठवायचे, एक आडवा, एक उभा. कोल्हा त्यांच्या मागे बटणाचं नावही जोडायचा. निळा जोडायचा नाही. आणि माझा प्रोग्रॅम फक्त त्या नावाची वाट बघत बसलेला. नाव आलं नाही की त्याचा समज असा, की अजून कुणी काही दाबलेलंच नाही. मग तो नम्रपणे कोरा फॉर्म पुन्हा समोर ठेवायचा. लोकांना वाटायचं, गेलं. चूक निळ्याचीही नव्हती आणि कोल्ह्याचीही. दोघे आपापल्या रीतीने वागत होते. मी एकाचीच रीत बघून दरवाजा बांधला होता.

दुरुस्ती दहा मिनिटांची. नाव नसलं तरी आकडे आले की ऑर्डर धर, एवढंच. पाचही मशीनवरून तपासून घेतली, वहीच्या रकान्यात पाच वेळा 'पोच' लागली. मी खुर्ची मागे सरकवली. चाचा म्हणाले, "आणि गेले चार दिवस जे आले, ते?"

"ते गेले, चाचा."

"कोणीतरी ऐकलं असेल. नेहमी कोणीतरी ऐकतं."

तेव्हा मला आठवलं. आपल्याकडे मागितलेल्या प्रत्येक पानाच्या पत्त्याची नोंद सर्व्हर ठेवतो. आणि माझ्या कच्च्या कामामुळे प्रत्येक ऑर्डर त्या पत्त्यालाच चिकटलेली होती! ज्या आळसाची लाज वाटायला हवी, त्यानेच वाचवलं. नोंदींची फाइल उतरवून घ्यायला लावली. टेलिफोनच्या तारेवर तिला पाऊण तास लागणार होता. त्या पाऊण तासात चाचांनी मला एक गोष्ट सांगितली, एकदाच, आणि नंतर कधीच नाही. त्यांचं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला असताना इकडे त्यांची आई गेली. घरच्यांनी तार केली. तार ज्या बंदरात पोचली, तिथून जहाज आदल्या दिवशी सुटलं होतं. पुढच्या बंदरात कुणी ती धाडली नाही. तार करणाऱ्यांना वाटलं, कासमला कळलं. कासम घरी आला तो तीन महिन्यांनी, आईसाठी लवंगांची पुडी घेऊन. "जगातले निरोप घेत होतो दिवसभर," ते म्हणाले, "माझाच तेवढा राहिला..." मी फाइल किती टक्के आली ते बघत राहिले.

फाइल आली. तिच्यातून आमच्या ओळी वेगळ्या काढून छापल्या. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, एक तर बडोद्याची. पुन्हा पुन्हा भरलेले काढून टाकल्यावर एकतीस घरं उरली. प्रत्येक ओळीत आंब्यावर कुठे दाबलं त्याचे आकडे. चाचा ते बघून रमले. "ही ठाण्याची बाई देठावर दाबते बघ. हा पुण्याचा बरोब्बर मधोमध. आणि हा तुझा नाशिकवाला, तीनदा दाबलंय, दर वेळेस आणखी खाली. चिडलेला माणूस."

मी म्हटलं सगळ्यांना मेल टाकते. ते म्हणाले, "मेल नको. फोन कर. माणसाचा आवाज ऐकला म्हणजे पोच." मग फोन त्यांनीच केले, मंगळवारी दुपारभर आणि बुधवारी सकाळी. प्रत्येकाला एकच वाक्य, बंदरावरून बोलल्यासारखं: "रत्नागिरीहून बोलतो. तुमचा निरोप आम्हाला मिळाला आहे, उशिराबद्दल माफी, आंबे अजून हवेत काय?" नाशिकचे गृहस्थ आधी ओरडले, मग त्यांनी दोनच्या चार पेट्या केल्या. सहा-सात जणांनी दुसरीकडून आंबे घेतले होते. बाकीचे थांबले. ती यादी मी बुधवारी दुपारी पावसला नेऊन नलूच्या हातात दिली. तिने ती आढीच्या खोलीत दारामागे खिळ्याला अडकवली आणि पेट्या काढायला लागली. दादा दारात उभा होता. "सगळं नाही जाणार यात," तो म्हणाला. ते खरं होतं. उरलेला आंबा गुरुवारी टेम्पोतून वाशीला गेलाच. पण टेम्पो भरताना दादाने गड्याला हाक मारली ती अशी: "वहिनीच्या कलमांतला वेगळा ठेव रे." नलूने ऐकलं. मीही ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात माझं आणि चाचांचं भांडण झालं. ऑर्डर आली की गिऱ्हाईकाला आपोआप उलटा मेल गेला पाहिजे, ऑर्डरच्या नंबरासकट, असा त्यांचा आग्रह. मी म्हटलं, एवढ्याशा कामाला एवढा थाट कशाला? ते दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी तो मेल बसवला आणि राजिवड्याला निरोप धाडला. आले, तपासलं, वहीत लिहिलं, आणि बसले रियाझची वाट बघत. मग तो नेमच झाला. दर एप्रिलात फॉर्म उघडायच्या आधी चाचा सगळ्या ब्राउझरांतून एकेक ऑर्डर घालायचे. नाव कासमचाचांचं, पेटी एक, निरोपाच्या रकान्यात 'पोच कळवावी'. ब्राउझरांच्या नवनव्या आवृत्त्या येत गेल्या, वहीचे रकाने वाढत गेले. परीक्षांच्या फॉर्मांच्या दिवसांत त्यांनी भिंतीवर कागद चिकटवायला सुरुवात केली. हा निळ्यात भरा, हा कुठेही भरा, हा भरून झाल्यावर नंबर लिहून घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. मुलं हसायची आणि ऐकायची.

शेवटचं भेटलो ते फेब्रुवारीत. थकले होते, पायरी चढताना त्यांनी दाराची चौकट धरली. मी नवीनच आलेला एक ब्राउझर एका मशीनवर घातला होता. तो दिसल्याबरोबर विचारलं, "यातून आंबा दाबून बघितलास?" मी म्हटलं, "अजून सीझन कुठे आलाय चाचा, बघू नंतर." "नंतर म्हणजे कधी ते लिही," म्हणाले. मी लिहिलं नाही. गिऱ्हाइकं होती.

चाळिसावा दिवस झाल्यावर शबाना दुकानात आली आणि पिशवीतून ती वही काढून माझ्या गल्ल्यावर ठेवली. "अब्बांच्या उशाशी होती. आम्हाला यातलं काही कळत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास सुरू व्हायच्या आत मी वही उघडली. नवीन पान, रकाने आखले. चाचांच्या मानाने वाकडे आले. निळा, कोल्हा आणि तो नवा, तिन्हींतून एकेक ऑर्डर घातली. नाव काय घालायचं हा प्रश्नच नव्हता, तपासणीचं नाव ठरलेलं आहे. कासमचाचा, राजिवडा, पेटी एक, पोच कळवावी. मेलचा पत्ताही त्यांचाच, बोटांना पाठ असलेला. तिन्ही ऑर्डरी माझ्याकडे आल्या. तिन्हींचा उलटा मेलही सुटल्याचं दिसलं. सुटल्याचं. मी नवीन ब्राउझरच्या ओळीत वेळ लिहिली आणि पोचेच्या रकान्यापाशी थांबले. तो मेल आता कोण उघडणार होतं?

काम होतं बरंच. पण उठले नाही. सव्वाअकरा वाजले तेव्हा कीबोर्डवरचे हातही काढले. नंतर नलूचा फोन येऊन गेला, फॉर्म उघडू का म्हणून. तिला म्हटलं, थांब जरा. पाऊणला दोन-चार मिनिटं असताना माझ्या मेलमध्ये एक ओळ आली, दोह्याहून, चाचांच्या पत्त्यावरून. रियाझने लिहिलं होतं: "ताई, अब्बांचा मेल मी रोज उघडतो. तीन मेल आले. पोचले."

मी वहीत तिन्ही ओळींसमोर वेळ लिहिली, बारा एकेचाळीस. मग नलूला फोन करून सांगितलं, उघड.